पिकअपच्या पंपाचे दुखणे



शेतीमालाची पिकअप गाडी आज खेड्यात कोणाला ठाऊक नाही? पहाटे तीनला वस्तीवरून निघावे, क्रेट भरावेत, उजाडायच्या आत मार्केट यार्ड गाठावे आणि परत येताना खताची पोती घेऊन यावे, असा तिचा नेम. बैलगाडीचे चाक मोडले तर सुतार गावातच होता. जुन्या जीपचा पंप बिघडला तर तालुक्याचा पंपवाला दोन दिवसांत नीट करून देई. नव्या पिकअपचा डिझेल पंप गेला म्हणजे मात्र मालकाच्या तोंडचे पाणी पळते. काही वेळा बँकेचे चार-पाच हप्ते भरून होतील एवढे बिल समोर येते. हे दुखणे कशाने होते, ते कसे टाळावे आणि झालेच तर काय करावे, हे आज मी सांगणार आहे.

माझा धंदा डिझेल पंप दुरुस्तीचा. तीस वर्षे याच बाकावर हात काळे झाले आहेत. तरी सुरुवात करतो ती माझ्या एका चुकीपासून.

सात-आठ वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यातला एक तरुण शेतकरी टोमॅटो आणि ढोबळी मिरची घेऊन पुण्याला निघाला होता. खंबाटकीच्या चढाला गाडीचा दम तुटला. चेक लाईट लागली आणि गाडी कडेला उभी राहिली. गड्याने बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला. शेवटी माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवला, तो यार्डात पोचला उन्हे वर आल्यावर. भाव काय मिळाला असेल ते सांगायला नको. गाडी टोचन करून माझ्याकडे आली. तो म्हणाला, “काका, उद्याचा माल तोडून ठेवलाय. काहीही करा, पण गाडी संध्याकाळी द्या.”

मी पंप उघडला. आत धातूचा चुरा होता. पंप बदलला, नवा फिल्टर घातला आणि गाडी दिली. नवव्या दिवशी तीच गाडी, तेच दुखणे, पुन्हा माझ्या दारात! मी आधी त्यालाच म्हणालो, “डिझेल कुठले भरलेस?” मग टाकी उतरवली. टाकीच्या तळाशी बारीक चंदेरी कचरा चमकत होता. पहिल्या पंपाचा चुरा परतीच्या नळीने टाकीत गेला होता आणि त्याचाच काही भाग नव्या पंपाच्या पोटात पोचला होता. घाई त्याची होती हे खरे, पण टाकी उतरवायची राहिली ती माझ्या हातून. त्या दुसऱ्या पंपाचा निम्मा खर्च मी सोसला. तेव्हापासून प्रत्येक गाडीवाल्याला मी हीच गोष्ट आधी सांगतो.

आता हा पंप काय काम करतो ते पाहू. जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक नोझलला आळीपाळीने डिझेल पुरवी. साधारण 200 बार दाबाला नोझल उघडे आणि फवारा उडे. नव्या गाडीत ‘कॉमन रेल’ पद्धत असते. मोटारगाड्यांत ही पद्धत 1997 पासून आली. इथे पंप डिझेल एका जाड नळीत दाबून भरतो. त्या नळीला रेल म्हणतात. रेलमधून प्रत्येक सिलिंडरला डिझेल जाते आणि किती व केव्हा सोडायचे ते गाडीचा संगणक ठरवतो. त्यामुळे डिझेल कमी लागते, धूर कमी होतो आणि आवाजही कमी होतो. मात्र यासाठी दाब लागतो तो 1600 बार किंवा त्याहूनही अधिक.

1600 बार म्हणजे किती? शिक्षक बंधु-भगिनींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. एक बार म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर साधारण एक किलो वजन. आपल्या अंगठ्याच्या नखाची जागा एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. तेव्हा 1600 बार म्हणजे त्या नखावर सोळाशे किलो! आपल्या पिकअपमध्ये जेवढा माल भरतो, जवळपास तेवढा सगळा एका नखावर ठेवावा, असा हा दाब आहे.

एवढा दाब धरायचा तर पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांत फट ठेवून चालत नाही. तिथली जागा दोन-चार मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. त्या फटीत केस तर सोडाच, डोळ्यांना न दिसणारी धूळही मावत नाही. आणि या हलत्या भागांना वंगण कोणते? इंजिन ऑईल नव्हे. बहुतेक नव्या पंपांत डिझेल हेच वंगण. जे डिझेल इंजिन जाळते, तेच जाता जाता पंपाला ओलावा देते. म्हणून डिझेल अशुद्ध झाले, त्यात पाणी शिरले किंवा डिझेल संपून पंप कोरडा फिरला, की पंप स्वतःलाच खाऊ लागतो.

आता डिझेलविषयी थोडे. पूर्वी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे. ते जळले की हवा विषारी होते, म्हणून सरकारने ते टप्प्याटप्प्याने कमी केले. 2010 साली देशभर दहा लाख भागांत 350 भाग अशी मर्यादा आली, 2017 साली ती 50 वर आली आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 डिझेलमध्ये ती केवळ 10 आहे. हे आपल्या फुप्फुसांसाठी चांगलेच झाले. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा बुळबुळीतपणाही कमी होतो. तो भरून काढण्यासाठी त्यात वंगण देणारे द्रव्य मिसळावे लागते. वंगण पुरेसे आहे की नाही हे तपासण्याची एक कसोटी आहे. डिझेलमध्ये एक पोलादी गोळी पत्र्यावर घासतात आणि तिच्यावर पडलेला ओरखडा मोजतात. आपल्याकडे हा ओरखडा 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. युरोपातही हीच मर्यादा आहे. अमेरिकेत मात्र 520 मायक्रॉनपर्यंत चालतो.

या फरकाची चर्चा अमेरिकेत फार झाली. तिथे पिकअप म्हणजे आपल्याकडच्या मिनी ट्रकएवढ्या दांडग्या गाड्या. शेतकरी घोड्यांचे ट्रेलर आणि गवताचे गठ्ठे त्यांनीच ओढतो. 2011 सालापासून तिथल्या काही मोठ्या डिझेल पिकअपमध्ये नव्या पद्धतीचा दोन दट्ट्यांचा पंप आला. त्यात कॅमवर एक रोलर फिरतो आणि तो दट्ट्याला वर ढकलतो. या रोलरची वाटी जागच्या जागी वळली, तर रोलर फिरायचा थांबून कॅमवर आडवा घासू लागतो आणि धातूचा चुरा पडतो. तो चुरा रेल, नोझल आणि परतीच्या नळीतून टाकीपर्यंत पसरतो. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडू लागले आणि लोक कोर्टात गेले. पुढे 2021 साली ‘राम’ नावाच्या पिकअपच्या कंपनीने 2019 आणि 2020 या वर्षांच्या दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. त्यांत आधीच्या पद्धतीचा पंप बसवून देण्याचे ठरले. कंपनी चुकते तेव्हा ग्राहकाने बोलले पाहिजे, हा त्यातला एक धडा. दुसरा धडा असा की पंपाचा चुरा पंपापुरता राहत नाही, आणि तो आपल्या खेड्यातल्या गाडीलाही तेवढाच लागू आहे.

आपल्याकडे पंप जाण्याचे सर्वांत मोठे कारण मी पाहिले ते पाणी. पाणी येते कुठून? एक म्हणजे अर्धी रिकामी टाकी. रात्री हवा गार झाली की टाकीच्या मोकळ्या भागात दव धरते आणि ते तळाशी जाते. दुसरे म्हणजे ड्रम. आपला तो कोरेगावचा शेतकरी ट्रॅक्टरसाठी एक ड्रम भरून ठेवी आणि अडीअडचणीला पिकअपमध्येही तेच डिझेल ओती. ड्रम उभा, झाकण सैल आणि वर पन्हाळीचे पाणी! त्याच्या पंपाचे पहिले दुखणे तिथूनच सुरू झाले होते. पाणी पोलादाला गंज चढवते, वंगणाचा थर तोडते, आणि डिझेल व पाण्याच्या सीमेवर बुरशी वाढून फिल्टर चोंदतो.

शिक्षक मंडळींना एक सोपा प्रयोग सुचवतो. काचेच्या बाटलीत अर्धे पाणी आणि अर्धे गोडे तेल घ्या, हलवा आणि ठेवून द्या. थोड्या वेळाने पाणी खाली, तेल वर. मग मुलांना विचारा, “गाडीच्या टाकीतली नळी तळाजवळून डिझेल ओढते. मग आधी काय ओढले जाईल?” उत्तर मुलेच देतील, आणि संध्याकाळी घरी जाऊन बापालाही सांगतील. प्रयोगासाठी डिझेल मात्र वर्गात आणू नका.

आता टाळण्याचे उपाय ऐका. ते खर्चाचे नाहीत, सवयीचे आहेत.

टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये. रात्री गाडी लावताना टाकी भरलेली असेल तर उत्तमच. नेहमीच्या, चालू वर्दळीच्या पंपावर डिझेल भरावे आणि पावती ठेवावी. शंका आली तर डिझेलची घनता तपासून मागावी आणि पाच लिटरचे माप लावून मागावे. हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्यासाठी पंपावर साधने असतात. स्वस्तात मिळते म्हणून रस्त्याकडेच्या टँकरमधले तेल घेऊ नये. डिझेलमध्ये रॉकेल घालू नये. रॉकेल पातळ असते आणि पंपाचे वंगण मारते. जुन्या जीपने ते सोसले असेल, ही गाडी सोसणार नाही.

फिल्टरच्या तळाशी पाणी साठण्याची जागा असते आणि तिला बोल्ट किंवा चावी असते. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीला आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, ते पाणी काचेच्या ग्लासात सोडून पाहावे. डॅशबोर्डवर पाण्याची लाईट लागली तर “गावात जाऊन बघू” म्हणू नये. गाडी तिथेच थांबवून पाणी सोडावे. फिल्टर वेळेवर आणि अस्सलच घ्यावा. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जाल आणि पंप घालवून बसाल. आमच्या मिस्त्री बांधवांना एक विनंती आहे. नवा फिल्टर बसवताना त्याच्या मधल्या भोकातून, म्हणजे गाळलेल्या बाजूने, डिझेल ओतू नका. ते न गाळलेले डिझेल सरळ पंपात जाते. हातपंपाने भरून घ्या.

इतके करूनही गाडी वाटेत थांबली तर?

पहिली गोष्ट म्हणजे सेल्फ मारत बसू नका. आत चुरा पडला असेल तर प्रत्येक सेल्फबरोबर तो पुढे ढकलला जातो. गाडी कडेला घ्या, मागे दगड लावा, दिवे लावा. मग टाकीत डिझेल आहे का ते पाहा. डिझेलच संपले असेल तर ते भरा, हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ मारा. तोही एका वेळी दहा सेकंद. मध्ये थोडी उसंत द्या. डिझेल असेल तर फिल्टरखालचे पाणी ग्लासात सोडा. पाणी आले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा. पण ग्लासात चंदेरी चकाकी दिसली तर किल्ली काढून खिशात ठेवा आणि गाडी टोचन करून न्या. ती चकाकी म्हणजे पंपाच्या अंगाचे मांस आहे. चुकून पेट्रोल भरले गेले असेल तर किल्ली फिरवूसुद्धा नका. काही गाड्यांत किल्ली फिरवताच टाकीतला विजेचा पंप चालू होतो. आधी टाकी रिकामी करा.

आणखी एक सूचना जिवाशी गाठ घालणारी आहे. जुन्या गाडीत हवा काढायला आपण चालू इंजिनावर नोझलचा नट सैल करीत असू. नव्या गाडीवर हे चुकूनही करू नका. गळती आहे का हे हाताने चाचपू नका. 1600 बारचा केसाएवढा फवारा हातमोज्यातून आणि कातडीतून आत शिरतो. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते, दुखतही फारसे नाही. पण आत डिझेल पसरून बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. असे झालेच तर हळद लावून घरी बसू नये. त्याच तासात मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे आणि “दाबाचे डिझेल आत गेले आहे” असे स्पष्ट सांगावे.

आता गाडी गॅरेजात आली. इथे मालकाने दोन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. गाडी चालू होत नाही म्हणजे पंपच गेला, असे मुळीच नाही. फिल्टर चोंदला, टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला चीर पडून हवा घेऊ लागली, पंपावरचा व्हॉल्व्ह अडकला, रेलचा सेन्सर बिघडला किंवा एखादे नोझल परतीला जास्त डिझेल सोडू लागले, तरी लक्षणे तीच दिसतात. मी स्वतः असे काही पंप पाहिले आहेत की जे निष्कारण बदलले गेले. दोष होता चाळीस रुपयांच्या नळीत.

म्हणून विचारा, “स्कॅनर लावून रेलचा दाब पाहिला का? संगणक मागतो किती आणि मिळतो किती?” सेल्फ मारताना दाब साधारण दोनशे-अडीचशे बारपर्यंत चढला नाही तर नोझल उडत नाहीत. दाब चढत नसेल तर आधी पंपापर्यंत डिझेल नीट येते का ते पाहावे, मग प्रत्येक नोझलच्या परतीला बाटली लावून मोजावे. हे सर्व ठीक निघाले तरच पंपावर बोट ठेवावे. दुसरा प्रश्न असा, “जुना फिल्टर कापून पांढऱ्या फडक्यावर पाहिला का?” फडके स्वच्छ असेल तर दुखणे लहान असण्याचा संभव पुष्कळ. फडक्यावर धातू चमकला तर मात्र मन घट्ट करा. नुसता पंप बदलून भागणार नाही. टाकी उतरवून धुवावी लागते, नळ्या साफ कराव्या लागतात, रेल आणि नोझल तपासून बहुधा बदलावी लागतात, आणि नव्या नोझलचे अंक संगणकात भरावे लागतात. खर्च मोठा आहे हे मला ठाऊक आहे. पण निम्मे काम केले तर तोच खर्च नवव्या दिवशी पुन्हा करावा लागतो, हे मी आपल्याला आरंभीच सांगितले.

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर कंपनी पुष्कळदा “डिझेलात पाणी होते” असे म्हणते. कधी ते खरे असते, कधी नसते. तेव्हा डिझेलच्या आणि फिल्टरच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवा. गाडी देताना टाकीतल्या डिझेलचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. काढलेले जुने भाग परत मागा आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे. कागद हातात असला की खेड्यातला माणूसही तिथे ताठ उभा राहू शकतो.

जाता जाता त्या तरुणाचे सांगतो. त्याने ड्रमाला आता घट्ट झाकण केले आहे, ड्रम शेडच्या आत घेतला आहे आणि पिकअपमध्ये ड्रममधले डिझेल तो घालीत नाही. दर रविवारी सकाळी त्याची शाळेत जाणारी मुलगी ग्लास धरते, तो फिल्टरचे पाणी सोडतो आणि ती उजेडाकडे धरून सांगते, “बाबा, स्वच्छ आहे.” मगच गाडीत क्रेट चढतात. आपल्या घरीही या रविवारी एक ग्लास घेऊन पाहावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.